दोन मंचांमधून गेलेले अप्पा

माझे अप्पा फौजेत होते, हे आमच्या नातेवाइकांना अजूनही पचलेलं नाही. आम्ही रंगारी. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात लुगडी रंगवली, धोतरांवर काठ छापले आणि मराठी बोलता बोलता अर्धे कन्नड झालो. अशा घरातला मुलगा रंगाच्या हंड्याजवळून उठतो काय आणि थेट भरती होतो काय! आजोबांनी म्हणे फक्त एवढंच विचारलं होतं, "तिथं कपड्याला रंग कुठला?" मळकट हिरवा, असं उत्तर आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे चुकला तरी कळत न्हाई." मग त्यांनी पुन्हा हंड्यात हात घातला.

अप्पांची सगळी नोकरी लांबच्या छावण्यांत गेली. आई इथंच, सासरी. वर्षाकाठी रजा मिळायची आणि रजा संपली की ट्रंक उचलून स्टेशन. हवालदार म्हणून ते निवृत्त झाले, मग एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. आता ते दोघं माझ्याकडे, म्हैसूरच्या कडेला बोगादीला राहतात आणि दूध लवकर आलं की उशिरा यावर रोज वाद घालतात.

आईची एक तक्रार मात्र जुनी आहे. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर दिल्लीची परेड लागली की ती निघतेच निघते. "इस्त्री मी केली, बटणं मी घासली, बुटाला पालिश मी लावलं. पण त्या कपड्यांत तुम्ही चालता कसे, ते काय मी बघितलं न्हाई." अप्पा म्हणायचे, "अगे, मी दिल्लीला कधी होतो?" आणि आई पडद्यावरच्या एखाद्या तुकडीकडे बोट दाखवून विचारायची, "असेच चालत होता का तुम्ही?" अप्पा तुकडीकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "ह्यांच्यापेक्षा बरं."

म्हणून गावात माजी सैनिकांच्या सन्मानाची परेड होणार असं ठरलं, आणि वयानं मोठे पण अजून चालू शकणारे म्हणून पुढारीपण अप्पांकडे आलं, तेव्हा आमच्या घरात एखादं लग्न ठरल्यासारखं झालं. अप्पांचे गुडघे काही धड नाहीत. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. अप्पांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "ये बघायला."

आई म्हणाली, "बघू." आणि त्याच संध्याकाळी तिनं ठेवणीतली हिरवी साडी बाहेर काढली.

मी शाळेत गणित शिकवते. रांग वाकडी दिसली की माझा जीव वरखाली होतो. त्यामुळे या परेडचं आयोजन जवळून बघायला लागणं ही माझ्यासाठी एक शिक्षाच होती, आणि ती शिक्षा फेट्यांपासून सुरू झाली.

समितीनं ठरवलं की सगळ्या माजी सैनिकांना एकसारखे फेटे द्यायचे. काम आलं माझ्या काकांकडे. अप्पांचे हे धाकटे भाऊ. जुन्या बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे, साड्यांना रोल-पॉलिश आणि ओढण्यांना मॅचिंग रंग. आमच्या घरात रंगाचा धंदा आता एवढाच उरला आहे. ओला कपडा आपल्याच बनियनच्या बाहीवर घासून रंग सुटतो का बघायची त्यांना सवय आहे. त्या बाहीकडे बघून आठवड्यात काय काय रंगवलं ते सांगता येतं. त्यांनी पांढऱ्या मलमलीचे तागे आणले आणि समितीनं सांगितल्याप्रमाणे केशरी रंग चढवला. झकास उतरला होता.

दुसऱ्याच दिवशी मंत्र्यांची माणसं दुकानात. "हे काय? हा त्यांचा रंग." त्यांचा म्हणजे आमदारांच्या पक्षाचा. जिल्ह्याचे मंत्री एका पक्षाचे, आमच्या भागाचे आमदार दुसऱ्या पक्षाचे. दोघांचा छत्तीसचा आकडा. काका म्हणाले, "साहेब, हा फेट्याचा रंग." पण ऐकतो कोण? आमचा हिरवा करा म्हणाले. काकांनी केशरीवर हिरवा चढवला. आता केशरीवर हिरवा चढवला की काय होतं ते रंगाऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याची माती होते. ती माती बघायला आमदारांची माणसं आली. तिच्या कडेला कुठंतरी हिरवट छटा राहिली होती, ती त्यांनी बरोबर शोधून काढली आणि नाक मुरडलं. मग कुणी निळा सुचवला, त्यालाही कुणाचा तरी विरोध होता. लाल-पिवळा म्हणावा तर तो राज्याचा झेंडा, आधीच मराठी माणसाच्या हातून रंगणार, उगाच वाद नको. पांढरा म्हणावा तर काका म्हणाले, "आता पांढरा कुठनं आणू? पाठीमागं जाता येत न्हाई रंगात."

शहाण्या माणसानं नवी मलमल मागितली असती. पण आमच्या लोकांची खोड अशी, की बिघडलेला कपडा टाकून द्यायचा म्हणजे आपण हरलो. त्याच्यावर आणखी एक रंग चढवून बघायचा. काकांनी चढवला, आणखी एक, मग आणखी एक. शेवटी जो रंग तयार झाला त्याला नाव नव्हतं. अप्पांनी फेटा हातात घेतला, उन्हात धरला आणि म्हणाले, "रागी मुद्द्याचा झाला की रे." नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यासारखा, मातकट तपकिरी.

"आयतु, झालं, दादा," काका म्हणाले. "आता हा कुठल्याच पक्षाचा न्हाई. हा कुणी घेतच न्हाई."

दोघं भाऊ हसत सुटले. एवढे रंग पिऊन मलमल लिबलिबीत झाली होती, म्हणून काकांनी तिला दामटून खळ दिली. पाठीवर सोडायचा शेमला तर असा कडक झाला की भिंतीला उभा राहील. अप्पांनी घरी फेटा बांधून बघितला आणि आरशापुढं वळून वळून शेमला कसा दिसतो ते पाहायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "स्वतःची पाठ कुणाला दिसते का? बसा गप सुम्मने."

रोज सकाळी आमच्या गल्लीत सराव चालायचा. अप्पा एकटेच, हात खांद्यापर्यंत झुलवत, कोपऱ्यावरच्या नळापर्यंत जायचे आणि परत यायचे. दूधवाला स्कूटर बंद करून वाट द्यायचा. एकदा जेवताना त्यांनी ताटाभोवती वाट्या मांडून आईला मैदान समजावलं. सलामीचा मंच उजव्या बाजूला, कुटुंबांचा मांडव त्याच्या समोर, म्हणजे डाव्या बाजूला. तुकडी मधून जाणार. मंचासमोर आली की हुकूम द्यायचा, दहिने देख, आणि सगळ्यांनी माना उजवीकडे वळवायच्या.

आईनं वाट्यांकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही तिकडं बघणार आणि मी इकडं बसणार."

"नियम तसा हाय."

"मग मला काय, तुमचं कानामागचं दिसणार?"

अप्पांनी मांडव म्हणून मांडलेली चटणीची वाटी डावीकडून उजवीकडे ठेवून बघितली, पुन्हा होती तिथे ठेवली. "नियम तसा हाय," असं पुन्हा म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता. आईनं विषय वाढवला नाही. मला दोघांचंही वाईट वाटलं. नवरा चालताना बघायचा, आणि त्यानंही आपल्याकडं एकदा बघायचं, एवढंच मागणं होतं तिचं. तेवढं सोडून बाकी सगळ्याची सोय त्या वाट्यांमध्ये केलेली होती.

परेडच्या आदल्या दिवशी निमंत्रणपत्रिकेवरून भडका उडाला. मंत्र्यांचं नाव वर आणि मोठं, आमदारांचं खाली आणि बारीक. मैदान आमच्या भागातलं, सलामी मीच घेणार, असं आमदार म्हणाले. सरकारी कार्यक्रम, सलामी मीच घेणार, असं मंत्री म्हणाले. मध्ये पडणाऱ्यांनी हात टेकले. आणि आम्ही सकाळी हुणसूर रस्त्याच्या त्या मैदानावर पोचलो, तेव्हा काय दिसावं? उजवीकडे एक मंच होताच. आता डावीकडे, कुटुंबांच्या मांडवाला अगदी लागून, दुसरा उभा राहिला होता. इकडे लाल गालिचा, तिकडे लाल गालिचा. इकडे कर्णा, तिकडे कर्णा. दोन्ही कर्ण्यांवरून दोन माणसं एकाच वेळी आपलं स्वागत करत होती आणि दोघांचंही एक अक्षर कळत नव्हतं.

अप्पा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला आपल्या लोकांत गेले. एच. डी. कोट्याहून, हुणसूरहून पहाटेच्या बसनं आलेले म्हातारे तिथं उन्हात उभे होते, छातीवर पदकं आणि डोक्यावर रागीचे फेटे. त्यांना बसायला खुर्च्या नव्हत्या. खुर्च्या कार्यकर्त्यांनी अडवल्या होत्या. ज्यांच्या सन्मानाचा कार्यक्रम, तेच तेवढे उभे! माझा संताप संताप झाला.

मी आईला मांडवात पुढच्या ओळीत बसवलं. तिचे गुडघे अप्पांपेक्षा वाईट, तिला दहा मिनिटंही उभं राहवत नाही. तिनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा पुसला.

मंत्री यायला उशीर होता. त्यांच्या उजवीकडच्या मंचाजवळ गर्दी कमी होती आणि कॅमेरेवाले तर आले होते. एवढ्यात गळ्यात उपरणी घातलेली चार-पाच पोरं मैदान ओलांडून आमच्या मांडवात शिरली आणि सरळ खुर्च्या उचलायला लागली.

"बन्नि अम्मा, तिकडे चला. अल्लि नेरळु इदे," त्यातला एकजण म्हणाला. तिकडे सावली आहे म्हणे. शिवाय उप्पिट्टू आणि कॉफी.

मी आवाज चढवला. शाळेत या आवाजाला शेवटचा बाकही घाबरतो. "ही कुटुंबांची जागा आहे, इथून कुणी हलणार नाही."

"मॅडम, प्लीज. टीव्हीवर रिकामं दिसतंय." तो पोरगा खरंच गयावया करत होता. तोवर मागच्या दोन ओळी निघूनही गेल्या होत्या आणि बायका आपापल्या खुर्चीमागून चालल्या होत्या.

मी भांडायचंच म्हणून पदर खोचला, तर आईनं माझा हात धरला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. उलट तिचे डोळे चमकत होते.

"अगे, थांब. तो मंच उजवीकडचा न्हवे का? नियमाप्रमाणं हे उजवीकडंच बघणार. म्हणजे मी तिकडं बसले तर माझ्याकडंच बघणार की!"

मला हे सुचलंच नव्हतं. एवढ्या गोंधळात पहिल्यांदा काहीतरी आमच्या बाजूनं घडत होतं. आम्ही दोघी मैदान ओलांडून गेलो. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून, पोराच्या डोक्यावर तिची खुर्ची. तिकडे सावली नव्हती आणि उप्पिट्टू संपला होता, पण आईनं खुर्ची बरोबर मंचाशेजारी लावून घेतली, केस सारखे केले आणि ताठ बसली.

शेवटी मंत्री आले. समोरून आमदारही आपल्या मंचावर चढले. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. बँडनं सुरुवात केली.

खऱ्या फौजेची तुकडी छोटीशीच होती. त्यांचा तरुण अधिकारी मैदानाच्या तोंडाशी क्षणभर घुटमळला. दोन्ही मंचांवरचे हात कपाळाजवळ तयार होते. त्यानं कसलाच हुकूम दिला नाही. तुकडी नाकासमोर बघत, पावलाला पाऊल लावून मधून गेली, वळली आणि ट्रकमध्ये चढून निघूनही गेली. दोघं नेते हात खाली घ्यावेत की नाहीत या विचारात तसेच उभे राहिले. मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग पोलीस आले. त्यांना सरकारात नोकरी करायची होती, त्यांनी उजवीकडे बघितलं. कॉलेजच्या कॅडेटांत पुढच्या ओळी उजवीकडे आणि मागच्या डावीकडे. त्या तुकडीची रांग तर माझ्याच्यानं बघवेना.

मग म्हातारे आले.

पुढे अप्पा. गल्लीत नळापर्यंत जाणारे अप्पा आणि हे अप्पा एक नव्हते. गुडघे कुठं गेले होते कोण जाणे. हात खांद्यापर्यंत जात होते, हनुवटी वर होती, आणि मागची सगळी वाकलेली माणसं त्यांच्या पावलावर पाऊल टाकत होती. त्या दिवसातली पहिली सरळ रांग. आई पुढं झुकली. तिनं हात वर केला, म्हणजे अप्पांनी मान वळवली की तो त्यांना दिसावा.

अप्पा दोन मंचांच्या मधोमध आले आणि त्यांचा आवाज उठला. कर्ण्यांच्याही वर तो आवाज गेला.

"बाएँ... देख!"

आणि सगळ्या माना डावीकडे वळल्या.

तिकडे आमदारांच्या मंचावर जल्लोष झाला. शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी फटाक्याची माळ लावली. आमदारांनी छाती काढून सलाम घेतला. आमच्या बाजूला मंत्र्यांचा चेहरा उतरला. हजारभर माणसांना वाटलं की म्हाताऱ्यानं बाजू घेतली. मला मात्र चटणीची वाटी आठवली. डावीकडची वाटी. अप्पा रिकाम्या मांडवाकडे बघत चालले होते. जिथं खुर्च्यासुद्धा उरल्या नव्हत्या, तिथं त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बायकोला शोधत गेली असणार. इकडून आम्हाला दिसत होता तो फक्त फेटा आणि त्यांच्या पाठीवरचा तो कडक शेमला.

आईचा हात तसाच वर राहिला होता. मी तो धरून खाली घेतला. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त राग आला. त्या उपरण्यांचा, त्या दोन गालिच्यांचा, आणि दोन मोठ्या माणसांच्या त्या पोरकट रुसव्याचा. त्यांच्या भांडणात आमचं काय गेलं हे त्यांना कधी कळणारसुद्धा नव्हतं.

"अप्पांना यातलं काय सांगू नकोस," आई म्हणाली. "कळलं?"

दुपारी आमच्या घरात जत्रा. आमदारांची माणसं शाल आणि हार घेऊन आली. "सर, आज तुम्ही दाखवून दिलंत!" असं म्हणत अप्पांचे पाय धरायला लागली. अप्पांनी शाल घडी करून त्यांच्याच हातात परत दिली आणि कॉफी पाजली. मग मंत्र्यांच्या कचेरीतून फोन आला. डावीकडे का बघितलं, कुणी सांगितलं, असं विचारत होते. अप्पा म्हणाले, "सवय सुटली हो. डावं-उजवं कळेनासं झालंय." फोन ठेवून ते जरा मिश्कील हसले. दुसऱ्या दिवशी पेपरात माजी सैनिकांचा कल कुणीकडे यावर अर्धं पान आलं. ते वाचून काकांनी दुकानातून फोन केला आणि पोट धरून हसले. म्हणाले, "फेट्याला रंग न्हवता, तर ह्यांनी मानेला दिला."

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर आम्ही तिघंच जेवायला बसलो. अप्पांचे पाय सुजले होते, कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून ते खुर्चीवर बसले होते. फेटा अजून डोक्यावर होता. बराच वेळ ते नुसतं सार ढवळत राहिले. मग आईकडे न बघता म्हणाले, "मग? दिसलो का?"

"तर! दिसला की," आई म्हणाली.

"मला काय तू दिसली न्हाईस. ऊन डोळ्यावर होतं. पण म्हटलं, आपल्याला दिसलं न्हाई तरी काय, ती बघते."

"बघितलं मी. झोकात चाललात. शेमला तर जरासुद्धा हलला न्हाई."

मी मान खाली घातली. अप्पांचा चमचा थांबला. आपल्याकडे तोंड वळवलेल्या माणसाचा शेमला दिसत नाही, हे फेटा रंगवणाऱ्या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

"कुठं बसली होतीस तू?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग सोडून दिलं. "उजवीकडं. खुर्च्या नेल्या हो त्यांनी. आणि मला वाटलं, तुम्ही नियमानं बघणार."

"आणि मी नियम मोडला." अप्पांनी ताट पुढं सारलं. "आयुष्यात एकदा मोडला. तुझ्यासाठी."

"अय्यो, त्यात काय एवढं?" आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू त्यांच्या मागं गेली आणि फेटा उतरवायला लागली. खळीनं घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या ती एकेक सोडवत होती. "स्टेशनवर दर वेळी तुम्ही ट्रंक घेऊन पुढं आणि मी फाटकाजवळ. एवढी वर्षं मी तुमची पाठच बघत आले की. मला ती तोंडापेक्षा जास्त ओळखीची हाय."

अप्पांनी डोकं जरा मागं टेकवलं.

"आज फरक एवढाच," फेटा घडी करत आई म्हणाली, "पाठ गेली, आणि संध्याकाळी जेवायला घरी आली." आणि तिनं त्यांच्या पानात आणखी भात वाढला.